शनिवारचें हंसूं

आमच्या घरीं दर शनिवारीं सायंकाळीं चारपांच तरुण मंडळी जमतात. चिरंजीव व सूनबाई हीं दोघेंही संगणकाचे प्रोग्रॅम लिहिण्याच्या धंद्यांत आहेत, आणि त्यांचे स्नेहीही त्याच धंद्यांतले. आठवडाभर हिंजवडीच्या वाटेवर मोटारींच्या रांगांत बसून शिणलेलीं हीं मुलें शनिवारीं आमच्या कोथरूडच्या बिऱ्हाडीं येतात, आमच्या सौभाग्यवतींच्या हातचीं थालीपिठें खातात, आणि मग त्यांच्यापैकीं एकजण हातांतल्या फोनवरून धंद्यांतल्या ताज्या बातम्या मोठ्यानें वाचूं लागतो. अमक्या कंपनीनें अमुक शोध लावला, तमक्या कंपनीच्या अध्यक्षांनीं तमुक भविष्य वर्तविलें, अशा त्या बातम्या असतात. त्याच आम्ही सकाळीं वर्तमानपत्रांत वाचतों तेव्हां आमची मान आदरानें लवते. हीं मुलें मात्र त्या ऐकतात आणि हंसतात.

या हंसण्यानें आम्हांस पुष्कळ दिवस कोड्यांत टाकलें होतें. भरतमुनींनीं हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत. स्मित व हसित हे उत्तम प्रकृतीच्या पुरुषाचे, विहसित व उपहसित मध्यमाचे, आणि अपहसित व अतिहसित हे अधमाचे. चौतीस वर्षें शाळेंत मुलांकडून रूपें घोकून घेण्यांत घालविल्यामुळें वर्गीकरण करण्याची खोड आमच्या हाडीं खिळली आहे. आम्हीं या शनिवारच्या हंसण्याला सहाही खणांत बसवून पाहिलें. तें मोठें नसतें, म्हणून अधम नव्हे; त्यांत दुसऱ्याला हिणविण्याचा आवेश नसतो, म्हणून उपहसितही नव्हे; आणि त्यांत आनंद दिसत नाहीं, म्हणून स्मितही म्हणवेना. नाकांतून थोडा वारा सुटतो, मान एका बाजूस हलते, आणि "अर्थातच!" एवढाच शब्द बाहेर पडतो. आमच्या घरीं जुना गवंडी येत असे. शेजारच्या नव्या बंगल्याची भिंत पावसाळ्यांत खचली हें ऐकून तो असाच हंसला होता, हें आम्हांस फार उशिरां आठवलें.

आमचें स्वतःचें शिक्षण म्हणावें तर मॅट्रिकपर्यंतचें. पुढें पाठशाळेंत काव्यें व कौमुदी पढलों, सातारा जिल्ह्यांतील एका तालुक्याच्या गांवीं संस्कृत व मराठी शिकविलें, आणि २०१९ सालीं निवृत्त होऊन चिरंजीवांकडे येऊन राहिलों. तेव्हां संगणकाच्या विषयांत आम्ही जें कांहीं सांगूं तें श्रवणभक्तीचें फळ समजावें. परंतु सहा वर्षें शनिवारच्या बैठकीच्या कोपऱ्यांत बसून ऐकलेलें अगदींच वायां जात नाहीं.

पहिली गोष्ट २०२४ सालची. आषाढी एकादशी होऊन दोन दिवस झाले होते. ता. १९ जुलै, वार शुक्रवार. सकाळीं पावणेदहाच्या सुमारास जगांतील लक्षावधि संगणक एकाएकीं निळे पडून निश्चेष्ट झाले. विमानें अडलीं, इस्पितळांचे व्यवहार खोळंबले, आणि आपल्याकडील विमानतळांवर प्रवाशांना हातानें लिहिलेले पास देण्याची पाळी आली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणें अशा संगणकांची संख्या सुमारें ८५ लाख होती. हा कोणा चोराचा उद्योग नव्हता. क्राउडस्ट्राइक नांवाची, संगणकांवर पहारा करणारी जी कंपनी, तिनेंच आपल्या पहारेकऱ्यांना चोर ओळखण्याची एक नवी सूचना पाठविली होती. ती सूचना वाचतांना पहारेकरी कोसळला आणि घर घेऊन कोसळला. ७८ मिनिटांत ती मागें घेण्यांत आली. पण जे संगणक पडले ते पडले, आणि त्यांतल्या पुष्कळांजवळ माणसाला स्वतः जाऊन एकेकाला हातीं धरून उठवावें लागलें.

दुसऱ्या दिवशीं शनिवार. मंडळी सुतकी चेहऱ्यानें येतील अशी आमची अपेक्षा. पण नागपूरकडची एक मुलगी चपला काढतां काढतांच म्हणाली, "काका, शुक्रवारीं कुणी नवं कांहीं पाठवतं कां?" आणि सर्व हंसलीं. तेव्हां आम्हांस कळलें कीं, जशी अमावास्येला प्रस्थान न ठेवण्याची आपल्याकडे चाल, तशी शुक्रवारीं नवें काम जगापुढें न सोडण्याची या धंद्यांत चाल आहे. त्यांत ग्रहांचा संबंध नाहीं; चुकलें तर शनिवार-रविवार बुडतो, एवढाच त्याचा आधार. दुसऱ्यानें हातीं लिहिलेल्या पासाचें छायाचित्र दाखवून म्हटलें, "बघा, कागद कधीं निळा पडत नाहीं."

पुढें दोनतीन आठवड्यांनीं त्या कंपनीनें आपल्या चुकीचा वृत्तांत प्रसिद्ध केला. प्रोग्रॅमला २१ गोष्टी पाहावयाच्या होत्या. त्याला पुरविण्यांत आल्या होत्या २०. तो एकविसावी शोधावयास गेला आणि जेथें कांहींच नव्हतें तेथें पाय टाकून पडला. हें वाचलें गेलें तेव्हां मात्र बैठकींत कोणी मोठ्यानें हंसलें नाहीं. त्या धंद्यांत एक जुना विनोद आहे म्हणे: संगणकाच्या शास्त्रांत कठीण गोष्टी दोनच, वस्तूंना नांवें देणें, जुनें केव्हां टाकून द्यावें तें ओळखणें, आणि मोजतांना एकानें चुकणें. (वस्तूंना नांवें देणें कठीण असेल, लोकांना नांवें ठेवणें मात्र आम्हां सर्वांस सोपें जातें.) तो विनोद सूनबाईंनीं आम्हांस समजावून सांगितला, आणि सांगतांना त्या खालीं पाहत होत्या. आम्हांस आमच्या उत्तरपत्रिका आठवल्या. परीक्षेच्या गुणांची बेरीज करतांना आम्हीही एकदां एकानें चुकलों होतों, आणि तें ध्यानांत आल्यापासून दुरुस्ती होईपर्यंतची रात्र आम्हीं जागून काढली होती. जो स्वतः एकानें चुकला आहे त्यालाच त्या बातमीवर तसें हंसतां येतें.

याहून आमच्या आवडीची गोष्ट २०१६ सालची आहे. संगणकाच्या कामांत आंकड्यांच्या डाव्या बाजूस शून्यें भरण्याचें एक क्षुल्लक काम असतें. परीक्षेला बसणाऱ्या मुलाचा क्रमांक ७ असला तर तो ००७ असा लिहावयाचा, म्हणजे यादी एका रेषेंत राहते. हें आम्हीं चौतीस वर्षें बोरूशिवाय, साध्या पेनानें केलें आहे. हेंच काम करणारा एक अकरा ओळींचा प्रोग्रॅम अझेर कोचुलू नांवाच्या एका प्रोग्रॅमरनें लिहून एनपीएम नांवाच्या सार्वजनिक कोठारांत ठेविला होता. कोणींही न्यावा, पैसे नकोत. त्याच कोठारांत 'किक' या नांवाचें त्याचें दुसरें एक काम होतें. त्या नांवावर किक याच नांवाच्या एका कंपनीनें हक्क सांगितला, आणि कोठाराच्या चालकांनीं तें नांव कंपनीस दिलें. या गृहस्थानें मग आपलें सगळें सामान, म्हणजे अडीचशेंहून अधिक वस्तु, ता. २२ मार्च रोजीं कोठारांतून उचलून नेल्या. त्यांत तो अकरा ओळींचा तुकडाही गेला. आणि मग जगभर मोठमोठ्या कंपन्यांचीं कामें धडाधड अडूं लागलीं. कारण याच्या आधारावर तें, त्याच्या आधारावर दुसरें, अशी जी उतरंड रचलेली होती तिच्या तळाशीं हें मडकें होतें. सुमारें दोन तासांत कोठारवाल्यांनीं तो तुकडा पुन्हां जागेवर ठेविला तेव्हां जग चालूं लागलें.

ही गोष्ट चिरंजीव आम्हांस सांगत होते तेव्हां आम्हीं सहज विचारलें, "अरे, अकरा ओळी तुम्हां लोकांना स्वतः लिहितां आल्या नसत्या?"

"येतात ना, अप्पा," ते म्हणाले. "म्हणून तर हंसतों. आमच्यावरच."

येथें एक कबुली देणें प्राप्त आहे. या मंडळींच्या हंसण्याचा प्रसाद आम्हांसही एकदां मिळाला आहे. आमच्या वयाच्या गृहस्थांस जे निरोप फोनवर येतात त्यांत एक असा होता कीं, अमेरिकेच्या नासा या संस्थेनें संगणकासाठीं संस्कृत हीच जगांतील सर्वोत्तम भाषा ठरविली आहे. आमचा ऊर भरून आला. आम्हीं तो निरोप भर बैठकींत वाचून दाखविला. कोणी हंसलें नाहीं, पण सर्वांच्या माना एका बाजूस हललेल्या आम्हीं पाहिल्या. चिरंजीव म्हणाले, "अप्पा, हा निरोप मी कॉलेजांत होतों तेव्हांपासून फिरतोय." आम्हांस राग आला. परंतु त्या रात्रीं त्यांनीं मूळ शोधून आमच्यापुढें ठेविलें. १९८५ सालीं रिक ब्रिग्ज नांवाच्या नासाच्या केंद्रांतील एका संशोधकानें 'एआय मॅगझिन' या नियतकालिकांत लेख लिहिला होता. वाक्याचा अर्थ उकलून मांडण्याची संस्कृत शास्त्रकारांची रीत कृत्रिम बुद्धीच्या अभ्यासकांनीं नव्यानें काढलेल्या रीतीशीं कशी जुळते, हें त्यांत दाखविलें होतें. नासाचा ठराव त्यांत कोठेंच नव्हता.

आमचा चेहरा उतरलेला पाहून चिरंजीवांनीं दुसरा एक कागद दिला. संगणकाच्या भाषांचें व्याकरण लिहून ठेवण्याची एक सांकेतिक पद्धत आहे. ती बॅकस व नाउर या दोघांच्या नांवांनीं ओळखली जाते. १९६७ सालीं इंगरमन नांवाच्या एका गृहस्थानें संगणकशास्त्राच्या मासिकाला पत्र लिहून सुचविलें होतें कीं, असा मार्ग पाणिनीनें फार पूर्वीं चोखाळला आहे, सबब या पद्धतीच्या नांवांत पाणिनीचें नांव घालावें. तें पत्र खरें आहे. आणि खरें असल्यामुळें तें त्या खोट्या निरोपापेक्षां आम्हांस कितीतरी अधिक सुखाचें वाटलें. नंतरच्या शनिवारीं आम्हीं मंडळींस अष्टाध्यायीची रचना सांगितली. सुमारें चार हजार सूत्रें पाणिनीनें लिहिलीं; कात्यायनानें वार्तिकें लिहून त्यांतील उणिवा दाखविल्या; आणि पतंजलीनें त्यांतल्या पुष्कळ ठिकाणीं पाणिनीची बाजू घेऊन मूळचें सूत्र बरोबरच आहे असें सिद्ध केलें. हें ऐकून सगळीं मुलें इतकीं हंसलीं कीं सौभाग्यवती बाहेर येऊन पाहूं लागल्या. "काका, आमच्याकडे अगदीं हेंच चालतं! एक चूक दाखवतो, दुसरा म्हणतो ही चूक नाहींच, असंच अभिप्रेत होतं, आणि तक्रार बंद करतो." दोन हजार वर्षांच्या मुनित्रयाला हिंजवडींत बसवून मुलें हंसत होतीं, आणि नवल असें कीं आम्हांस त्यांत अनादर दिसला नाहीं.

पण सर्वच प्रसंगीं आमचें चित्त इतकें उदार राहिलें, असें म्हणतां यावयाचें नाहीं.

२०२१ सालच्या मार्गशीर्षांत आमची साठी झाली. महामारीचे दिवस पुरते सरले नव्हते, म्हणून घरच्याघरीं, मोजक्या माणसांत शांति करण्याचें ठरलें. तारीख १२ डिसेंबर, रविवार. कलश मांडले गेले, गुरुजी आले, संकल्प झाला. चिरंजीव मुकटा नेसून बसले होते, पण मांडीजवळ लॅपटॉप. मंत्र चालू, आणि यांचीं बोटें चालू. मधूनच उठून आंतल्या खोलींत जात, फोनवर बोलत. होमाच्या वेळीं आम्हीं हांक मारली तर दाराआड हे कोणाशीं तरी बोलत हंसत होते. तेंच हंसूं. आमचा तोल गेला. सर्वांदेखत आम्ही म्हणालों, "बापाच्या शांतीला तरी हें हंसणें बंद ठेवा."

ते "बरं अप्पा" एवढेंच म्हणाले, आणि येऊन पाटावर बसले.

त्या दिवसांत काय घडत होतें तें आम्हांस सूनबाईंनीं नंतर सांगितलें. मोठ्या संगणकीय कामांत जें जें घडतें त्याची नोंद ठेवणारा एक रोजनामा असतो. असा रोजनामा लिहिणारा लॉग-फोर-जे नांवाचा एक प्रोग्रॅम जगांत अगणित ठिकाणीं वापरांत आहे. त्यांत एक भयंकर भोंक असल्याचें त्याच आठवड्यांत उघड झालें होतें. आम्हांस समजावें म्हणून सूनबाईंनीं शाळेचा दृष्टान्त घेतला. शाळेच्या दारावरील शिपायास सांगितलें आहे कीं, येणारा जें बोलेल तें वहींत उतरून घे. शिपाई प्रामाणिक, पण भोळा. एक भामटा येतो आणि म्हणतो, "अमक्या घरीं जा, तेथें जी चिठ्ठी मिळेल तींत लिहिल्याप्रमाणें कर." शिपाई तें वहींत उतरून घेण्याऐवजीं खरोखरच त्या घरीं जातो, चिठ्ठी आणतो, आणि तींत लिहिल्याप्रमाणें तिजोरी उघडतो. असा शिपाई जगांतील किती दारांवर बसला आहे तें कोणासच ठाऊक नव्हतें. धोक्याला दहापैकीं दहा गुण देण्यांत आले होते. तो रोजनामा सांभाळणारे कोण, तर आपापल्या नोकऱ्या संभाळून फावल्या वेळांत हें काम करणारे थोडेसे स्वयंसेवक. ते रात्रंदिवस जागून दुरुस्ती करीत होते, आणि ज्यांनीं त्यांना कधीं कवडी दिली नव्हती असे लोक त्यांनाच बोल लावीत होते.

"दाराआड हे हंसले ते यावरच," सूनबाई म्हणाल्या. "तीन रात्रीं झोपले नव्हते. शांतीला बसायचंच म्हणून मुकटा नेसले होते."

आम्हीं कांहींच उत्तर दिलें नाहीं. परंतु त्या रात्रीं आम्हांस आमची शिक्षकांची खोली आठवली. मधल्या सुट्टींत तेथें आम्ही आठदहाजण बसत असूं. वरून परिपत्रक येई. आज अभ्यासक्रम बदलला, उद्यां मूल्यमापनाची रीत बदलली, परवां खिचडीच्या तांदळाचे हिशेब शिक्षकांनीं ठेवावे. त्यांतच जनगणना, मतदारयाद्या. जो शिक्षक परिपत्रक वाची तो गंभीर आवाजांत वाची, आणि आम्ही हंसत असूं. नाकांतून वारा, मान एका बाजूस. एकदां गांवचे एक प्रतिष्ठित गृहस्थ तेथें बसले होते. त्यांना आमचें तें हंसणें फार उद्धट वाटलें, आणि तसें त्यांनीं मुख्याध्यापकांस सांगितलेंही. त्यांना काय ठाऊक कीं तांदूळ तोलून हात पांढरे झालेले तेच शिक्षक घंटा झाल्यावर वर्गांत जाऊन 'राम' शब्द चालविणार होते! हंसण्यानें आमचें कोणतेंही काम कमी झालें नाहीं. हंसण्यामुळें तें करवलें मात्र.

याचा प्रत्यय पुढें २०२४ सालीं पुन्हां आला. त्या वर्षीं ता. २९ मार्च रोजीं आंद्रेस फ्रॉइंड नांवाच्या एका प्रोग्रॅमरनें जगापुढें एक शोध मांडला. दूरच्या संगणकांत प्रवेश करण्यास जितका वेळ लागावा त्याहून सुमारें अर्धा सेकंद अधिक लागत आहे, असें त्याच्या ध्यानांत आलें होतें. दुसरा कोणी असता तर त्यानें तिकडे लक्षही दिलें नसतें. यानें त्या अर्ध्या सेकंदाचा माग काढला, आणि एक्सझेड नांवाच्या, फुकट वांटल्या जाणाऱ्या एका प्रोग्रॅमांत कोणीं तरी चोरदार बसविल्याचें उघडकीस आणलें. जिया तान या नांवानें वावरणाऱ्या कोणीं एकानें दोन वर्षांहून अधिक काळ गोडीगुलाबीनें मदत करून, मूळच्या थकलेल्या सांभाळकर्त्याचा विश्वास संपादन करून, तें दार बसविलें होतें. आणखी कांहीं महिने तें लपलें असतें तर तें जगभर पसरलें असतें. बैठकींत यावर विनोद झाले: "अर्धा सेकंद उशीर झाला म्हणून चौकशी करणारा माणूस आपल्या वाट्याला सासरा म्हणून न येवो!" पण त्या हंसण्यांत आदर होता. वैयाकरणांना अर्धी मात्रा वांचली तरी पुत्रजन्माइतका आनंद होतो, अशी आमच्या शास्त्रांत प्रसिद्धि आहे. अर्ध्या मात्रेचा हिशेब ठेवणारी जात अजून जगांत आहे, हें पाहून आम्हांस आपल्याच कुळांतला कोणी भेटल्यासारखें वाटलें.

मधल्या काळांत बातम्यांचा रंग बदलत चालला होता. २०२२ च्या नोव्हेंबरांत मेटा कंपनीनें ११,००० माणसें कमी केलीं. २०२३ च्या जानेवारींत गूगलच्या मालक कंपनीनें सुमारें १२,००० कमी करण्याचें जाहीर केलें, आणि कित्येकांस तें ई-मेलनें कळलें. त्यापाठोपाठ आतां यंत्रच प्रोग्रॅम लिहील, माणसाची गरज उरणार नाहीं, अशीं भाकितें येऊं लागलीं. मुलें त्यांवरही हंसत. चिरंजीव सांगत कीं हें भाकीत नवें नाहीं: १९५४ सालीं फोरट्रान भाषेची योजना मांडणाऱ्यांनीं, आतां प्रोग्रॅम लिहिण्याची व चुका शोधण्याची दगदग जवळजवळ संपेल अशी आशा दाखविली होती, १९५९ सालीं कोबोल ही इंग्रजीसारखी वाचतां येणारी भाषा निघाली, आणि १९८१ सालीं इंग्लंडांत तर 'शेवटचा' याच अर्थाच्या नांवाचा प्रोग्रॅम विकावयास आला, कारण यानंतर दुसरा लिहावाच लागणार नाहीं असा त्याचा डौल होता. "शेवटच्यानंतरचे सगळे आम्हीच लिहिले, अप्पा," असें ते म्हणत, आणि सर्व हंसत. मात्र अलीकडे यंत्र खरोखरीच पुष्कळ लिहूं लागलें आहे, हेंही तींच मुलें सांगत. तेव्हां हंसण्यानंतर एक क्षण स्तब्धता पसरे. आम्ही कोपऱ्यांत बसून ती स्तब्धता मोजीत असूं.

२०२५ च्या वैशाखांत एका सकाळीं चिरंजीवांस फोनवरील बैठकीस बोलावणें आलें. पंधरा मिनिटांत ती आटोपली. बारा वर्षें ज्या कंपनींत काढलीं तिनें, त्यांचें पद यापुढें आवश्यक नाहीं, असें गोड भाषेंत कळविलें. दुपारपर्यंत त्यांच्या लॅपटॉपचें दार त्यांना बंद झालें होतें.

आमची खात्री होती कीं ते हंसतील. ते हंसले नाहींत. ते नातीला शाळेंतून आणीत, भाजी आणीत, अर्ज पाठवीत, घराच्या कर्जाचे कागद काढून बसत. पण तें हंसूं घरांतून नाहींसें झालें. दोन शनिवार त्यांनीं मंडळींस येऊं नका म्हणून कळविलें. आम्हीं एका रात्रीं निवृत्तिवेतनाचें पासबुक त्यांच्यापुढें नेऊन ठेविलें. त्यांनीं तें उघडलेंही नाहीं. "असूं द्या, अप्पा," म्हणून तें परत आमच्या हातीं दिलें. ज्या हंसण्यावर आम्ही भर शांतींत रागावलों होतों, तें ऐकूं यावें म्हणून आम्ही आतां दाराकडे कान लावून बसत होतों.

तिसऱ्या शनिवारीं मंडळी न बोलावतां आलीं. थालीपिठें झालीं. कोणी बातमी वाचावयास धजेना. शेवटीं नागपूरकडची ती मुलगी हळूच म्हणाली, "तुझं काम आतां कोण बघतंय रे?"

"कुणी नाहीं," चिरंजीव म्हणाले. "मी लिहिलेलं सगळं तसंच चालूं आहे. काल रात्रींही बाराला त्यानं हिशेब काढले असतील. मलाच तेवढं आंत जातां येत नाहीं."

आम्हांस कोणीं विचारलें नव्हतें. परंतु मास्तरकीची संवय; आम्ही कोपऱ्यांतून बोललों. "पाणिनीच्या मतें लोप म्हणजे नाश नव्हे. लोप म्हणजे नुसतें न दिसणें. आणि प्रत्ययाचा लोप झाला तरी त्या प्रत्ययामुळें होणारें कार्य व्हायचें तें होतेंच. 'राजा' या रूपांत 'सु' प्रत्यय कोठें दिसतो? पण तो येऊन गेला म्हणून तर 'राजन्'चा 'राजा' झाला. तेव्हां कंपनीनें तुमचा लोप केला आहे; कार्य चालूंच आहे."

क्षणभर सर्व गप्प. मग चिरंजीवांची मान एका बाजूस हलली. नाकांतून थोडा वारा सुटला. "अर्थातच!" ते म्हणाले, आणि मग मात्र ते हंसले, भरताच्या सहाही प्रकारांतून क्रमाक्रमानें जात हंसले, डोळ्यांना पाणी येईपर्यंत, आणि मंडळीही हंसलीं. या सूत्राला अपवाद आहेत, हें आम्ही जाणतों. पण त्या सायंकाळीं ते सांगण्याचें आम्हांस कारण दिसलें नाहीं.

पुढें भाद्रपदांत चिरंजीवांस एका लहान कंपनींत काम मिळालें. पगार पूर्वींपेक्षां कमी आहे. कर्जाचे हप्ते लांबवून घेतले आहेत. मार्गशीर्षांतल्या त्या बोलण्याबद्दल आम्हीं क्षमा मागितली नाहीं. बापांच्या तोंडून तसे शब्द सहसा निघत नाहींत. आतां शनिवारीं आम्हीं कोपरा सोडून मंडळींत बसावें असा प्रघात पडला आहे, आणि बातमी वाचण्याचें काम पुष्कळदां आमच्याकडेच येतें. गेल्या शनिवारीं आम्हीं वाचलें कीं, लवकरच जगांतील सगळे प्रोग्रॅम यंत्रच लिहील, असें कोणा अध्यक्षांनीं पुन्हां एकदां सांगितलें आहे. वाचून आम्हीं चष्मा काढला. सगळीं हंसलीं. त्यांत एक हंसूं साठी उलटलेल्या माणसाचें होतें, हें सौभाग्यवतींनीं स्वयंपाकघरांतूनही ओळखलें.